अर्धा भाजलेला पाव

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. बडोद्यातील आमच्या लहानशा मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची सभा भरली होती. विषयपत्रिकेवरील शेवटचा विषय नेहमीचाच होता : अध्यक्षांच्या अनुमतीने आयत्या वेळी येणारे विषय. त्या वेळेपर्यंत सभासदांचे निम्मे लक्ष चहाच्या किटलीकडे लागलेले असते, हे अनुभवी वाचकांना सांगावयास नको. एवढ्यात मंडळात नव्यानेच येऊ लागलेली एक मुलगी उभी राहिली. मंडळाच्या कपाटातील मराठी पुस्तके नुसती धूळ खात पडली आहेत. ती पिशवीत घालून, ज्यांना आता जिना उतरवत नाही अशा वृद्धांच्या घरी दर आठवड्यास पोचवावीत आणि जमल्यास अर्धा तास वाचूनही दाखवावे, अशी तिची कल्पना होती. घरे किती, जाणार कोण, पुस्तक हरवले तर काय, रिक्षाचे भाडे कोणत्या खाती घालावयाचे, असे प्रश्न चहूकडून आले. तिच्यापाशी उत्तरे नव्हती.

मी वयाने ज्येष्ठ, त्यातून सारी हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. सहज बोलून गेलो, "कल्पना चांगली आहे, पण हाफ-बेक्ड आहे." सभेत हशा पिकला. ती मुलगी खाली बसली आणि पुढच्या दोन सभांना आली नाही.

शब्द माझा होता, म्हणून टोचणीही मलाच लागली. जो वाक्प्रचार आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या समासात लाल शाईने लिहिला, त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो त्या मुलीच्या योजनेला खरोखर लागू होता काय, याचा शोध घ्यावासा वाटला. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

भट्टीतून आलेला शब्द

'हाफ-बेक्ड' म्हणजे शब्दशः अर्धा भाजलेला. पूर्ण विचार न केलेली योजना, अर्धेमुर्धे ज्ञान, अपक्व बुद्धी, अशा अर्थांनी हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रूढ आहे. त्याचे घर मात्र पंडितांचे नव्हे, पाववाल्याचे.

त्या काळची इंग्लंडमधील भट्टी डोळ्यांपुढे आणल्याखेरीज या शब्दातील धार ध्यानात येणार नाही. विटांची घुमटाकार भट्टी असे. तिच्या पोटातच काटक्यांच्या मोळ्या पेटवीत. विटा पुरेशा तापल्या की निखारे आणि राख ओढून बाहेर काढीत, तळ पुसून घेत, पाव आत सरकवीत आणि दार बंद करीत. पुढचे सारे काम विटांत साठलेल्या उष्णतेचे. ती उष्णता क्षणाक्षणाला उतरत जाणारी. सरपण कमी पडले, किंवा घाईने दार लवकर उघडले, तर पुन्हा विस्तव घालण्याची सोय नव्हती, कारण आत पाव होते. एकदा चुकलेला हिशेब त्या भट्टीपुरता चुकलाच. ज्या देशात गरिबाचे पोट मुख्यतः पावावरच भरत असे, आणि जेथे तेराव्या शतकापासून पावाचे वजन व भाव कायद्याने बांधून दिलेले होते, तेथे अर्धा भाजलेला पाव हा विनोदाचा विषय नव्हता.

त्यातही खुबी अशी की, अर्धा भाजलेला पाव दिसावयास अर्धा दिसत नाही. पावाचे कवच प्रथम तापते, वाळते आणि सोनेरी होते. आतला गर मात्र ओलसर असल्याने सावकाश तापतो. त्यातील पिठूळ अंश साठ-सत्तर अंशांच्या सुमारास फुगू लागतो. पण गर नीट बसण्यास आतले तापमान नव्वद अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे बाहेरून तयार आणि आतून कणकेचा गोळा, अशी अवस्था मध्यंतरी येतेच येते. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा त्या वेळी हमखास फसतो. म्हणूनच जाणता पाववाला पाव उलटा करून त्याच्या बुडावर बोटाने टकटक करतो. पोकळ आवाज आला तर पाव झाला. बद्द आवाज आला तर पुन्हा भट्टीत. वाक्प्रचाराचे सारे मर्म या टकटकीत आहे. अर्धा भाजलेला बेत म्हणजे वाईट बेत नव्हे. ज्याचे कवच तयार आहे पण ज्याच्या बुडावर कोणी बोट वाजवून पाहिलेले नाही, असा तो बेत.

इंग्लंडच्या पश्चिमेकडील बोलीत याचाच एक भाऊबंद आढळतो. एखादा मनुष्य डोक्याने थोडा कमी असला की, त्याला पावांबरोबर आत घातले आणि केकांबरोबर बाहेर काढले, असे म्हणत. केक लवकर होतात, पावाला वेळ लागतो. बिचारा वेळेआधीच बाहेर आला! आपल्याकडे 'अर्धवट' हा शब्द अपुऱ्या कामालाही लागतो आणि भोळसट माणसालाही. दोन्ही भाषांनी हे दोन अर्थ एकाच शब्दात बांधले, हे मोठे नवल आहे.

न उलटलेली भाकरी

या उपमेचे मूळ त्याहूनही जुने सापडते. बायबलच्या जुन्या करारात होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात एफ्राईमच्या लोकांना न उलटलेल्या भाकरीची उपमा दिली आहे. तापल्या दगडावर वा निखाऱ्यावर टाकलेली जाड भाकरी वेळेवर उलटली नाही, तर एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. ती ना टाकण्याजोगी, ना खाण्याजोगी. इंग्रजी वाक्प्रचार याच वचनातून निघाला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळे ती प्रतिमा इंग्लंडात घरोघरी कानावर पडत होती, एवढे खरे.

हे वाचताना मराठी माणसाला आपल्या आजीचे कोडे आठवल्यावाचून राहणार नाही. घोडा का अडला, पाने का सडली, भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. पॅलेस्टाइनचा संदेष्टा आणि आमची चुलीपुढे बसलेली आजी एकाच तव्यापाशी भेटतात. बेत एकाच बाजूने भाजून चालत नाही. तो उलटून, दुसऱ्याच्या बाजूनेही पाहावा लागतो.

सशाचे डोके आणि बंदुकीचा घोडा

अपुऱ्या विचाराच्या बेतांना इंग्रजीत आणखीही नावे आहेत. ती एकमेकांऐवजी सर्रास वापरली जातात. खरे पाहता प्रत्येकाचा दोष निराळा आहे.

'हेअर-ब्रेन्ड' म्हणजे सशाच्या डोक्याचा. हा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो. ससा मूर्ख म्हणून नव्हे, तर उधळणारा म्हणून येथे आला आहे. वसंताच्या आरंभी ससे माळावर उड्या मारतात आणि मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना थपडा देतात, ते पाहून 'मार्चमधल्या सशासारखा वेडा' अशी म्हण पडली. केस आणि ससा या दोहोंचा इंग्रजी उच्चार एकच असल्याने पुष्कळांनी हा शब्द केसाच्या वर्णानेही लिहिला आणि केसाएवढ्या मेंदूचा, असा अर्थ लाविला. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात उतावळ्या हॉटस्परला हे विशेषण मिळते, आणि ते देणारा त्याचा सख्खा काकाच आहे. माझ्यासारख्या काकांनी याची नोंद घ्यावी.

'हाफ-कॉक्ड' हा शब्द बंदुकीचा. चापाच्या जुन्या बंदुकीचा घोडा अर्धा ओढून ठेवला की ती सुरक्षित समजली जाई. त्या अवस्थेत ती अचानक उडाली, तर नेम धरण्यापूर्वीच गोळी जात असे. पुरती तयारी होण्याआधीच कामाला हात घालणाऱ्याला ही उपमा शोभते. 'आकाशातील पाय', म्हणजे आभाळात टांगलेले पक्वान्न, हा वाक्प्रचार अमेरिकेतील कामगार-कवी जो हिल याच्या १९११ सालच्या एका उपरोधिक गीतातून आला. भुकेल्या मजुराला भाकरीऐवजी मेल्यानंतरच्या सुखाचे आश्वासन देणाऱ्यांवर तो प्रहार होता.

आपली भाषाही या बाबतीत दरिद्री नाही. शेखचिल्लीचे मनोरे आहेत. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' आहे. 'आधी कळस मग पाया' आहे. गुडघ्याला बाशिंग बांधणारा उतावळा नवरा आहे. थोड्याशा यशाने फुगणाऱ्यासाठी अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे आहे. पण यांतील बहुतेक बेत मुळातच खोटे आहेत. 'अर्ध्या भाजलेल्या'चे तसे नाही. त्याच्यात खरी कणीक आहे. उणीव आहे ती आचेची आणि वेळेची.

कच्चे आणि पक्के

इंग्रजांनी 'हाफ-बेक्ड' आपल्या भट्टीतून काढला. पण त्याचा विरुद्धार्थी शब्द मात्र त्यांनी आपल्या चुलीवरून उचलला! अस्सल, भरवशाचे, उत्तम या अर्थी इंग्रज लोक 'पक्का' म्हणतात. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात 'पक्का' आणि 'कच्चा' या दोन्ही शब्दांना स्थान आहे. वीट, घर, रस्ता, शेर, जे जे म्हणून दिसेल त्याचे कच्चे-पक्के असे दोन वर्ग पाडण्याची हिंदुस्थानची रीत पाहून ते कोशकार खूश झाले असावेत.

'पक्का' हा संस्कृत 'पक्व' शब्दापासून आला, आणि त्याच्या मुळाशी 'पच्' म्हणजे शिजवणे हा धातू आहे. फळ पिकते ते याच धातूने, शेतातले पीक याच धातूचे, आणि मनुष्य परिपक्व होतो तोही यानेच. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिनमधील शिजवण्याचा धातू आणि त्यावरून इंग्रजीत गेलेला 'कुक' हा शब्द आपल्या 'पच्'चेच दूरचे आप्त होत. वयाच्या मानाने फार लवकर हुशार झालेल्या मुलाला इंग्रजीत 'प्रिकोशस' म्हणतात; त्याचाही मूळ अर्थ वेळेआधी शिजलेला असाच आहे. विचार हा अन्नासारखाच शिजवावा लागतो, ही जाण एकट्या एका भाषेची नव्हे.

या जाणिवेचे शास्त्र मात्र आपल्याकडे झाले. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास 'काव्यमीमांसा' लिहिली. हाच ग्रंथ १९१६ साली 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'चा पहिला ग्रंथ म्हणून आपल्या बडोद्यातून प्रसिद्ध झाला, हे येथील वाचकांनी अभिमानाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यात काव्याच्या नऊ पाकांचा विचार आहे. कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी आणि नारळ अशी त्यांची नावे. आरंभ कसा आणि शेवट कसा, यावरून हे प्रकार पाडले आहेत. निंबपाक आरंभी बेचव आणि शेवटीही बेचव. द्राक्षपाक आरंभी बेचव, पण शेवटी मधुर. सुपारीचा पाक आरंभी उत्तम आणि शेवटी नीरस. नारळ दोन्ही टोकांना सरस. यापुढे राजशेखर जे सांगतो ते एखाद्या मंडळाच्या चिटणिसाने भिंतीवर लावावे असे आहे. ज्यांचा शेवट वाईट ते टाकावेत, ज्यांचा शेवट मध्यम त्यांच्यावर संस्कार करावा, ज्यांचा शेवट चांगला ते स्वीकारावेत. आरंभ बेचव होता, एवढ्यासाठी द्राक्ष टाकलेले नाही!

भुईमुगाचे महागडे स्वप्न

परंतु कच्च्या बेताला दयाबुद्धीने पक्का मानले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश सरकारची टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, भुईमुगाची योजना.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तेला-चरबीची तीव्र टंचाई होती. १९४६ साली एका मोठ्या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने सुचविले की, पूर्व आफ्रिकेतील रान साफ करून तेथे यंत्रांनी भुईमूग पिकवावा. सरकारने पाहणीसाठी मंडळी धाडली. थोड्या आठवड्यांच्या दौऱ्यावर अहवाल तयार झाला आणि सुमारे बत्तीस लाख एकरांची, अडीच कोटी पौंडांच्या खर्चाची योजना मान्य झाली. लहानशा तुकड्यावर चार-दोन हंगाम प्रयोग करून पाहावा, एवढा धीर कोणालाच नव्हता. हेतू वाईट नव्हता. घरच्या लोकांना तेल मिळावे, आफ्रिकेलाही लाभ व्हावा, अशीच इच्छा होती. कवच सोनेरी होते.

१९४७ साली कोंग्वा येथे काम सुरू झाले. युद्धातून उरलेले जुने ट्रॅक्टर फिलिपीन्सहून आणले, ते मोडू लागले. शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर बनवून पाहिले. झुडुपांची मुळे जमिनीत अशी गुंतलेली की नांगर हतबल व्हावेत. उन्हाळ्यात तेथील चिकण माती विटेसारखी कडक होई, आणि शेंगा उपटून काढणे अशक्य होई. त्यातून पाऊस अपुरा आणि बेभरवशाचा. त्या गोगो लोकांच्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, हे तेथील शेतकऱ्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते. पण भाकरी उलटून त्यांची बाजू पाहिली कोणी? पहिल्या वर्षी दीड लाख एकरांत पेरणी व्हावयाची होती. त्याच्या दहाव्या हिश्शालाही ती पोचली नाही. अखेर १९५१ च्या जानेवारीत योजना गुंडाळली गेली आणि सुमारे तीन कोटी साठ लाख पौंड बुडीत खाती गेले. पुढे ब्रिटनच्या राजकारणात 'भुईमुगाची योजना' हाच फसलेल्या सरकारी बेताचा वाक्प्रचार होऊन बसला.

याच्या शेजारी आपल्या बडोद्याचे उदाहरण ठेवावे. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण ही कल्पना त्या काळी हिंदुस्थानात आकाशातील पक्वान्नच वाटावी अशी होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ती १८९३ साली प्रथम एकट्या अमरेली भागात सुरू केली. तेथील अडचणी पाहिल्या, अनुभव गाठीस बांधला, आणि १९०६ साली ती साऱ्या संस्थानास लागू केली. मध्ये तेरा वर्षे गेली. बुडावर बोट वाजवून पाहणे म्हणतात ते हे.

पुन्हा भट्टीत

एक हकीकत राहिली. १९४९ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक पाववाला पाव भाजीत असताना आगीचा भोंगा वाजला. हा गृहस्थ आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांपैकी होता. अर्धे भाजलेले, अजून पांढुरके असलेले पाव तसेच बाहेर काढून तो धावला. परत आल्यावर टाकून देण्याऐवजी त्याने ते पुन्हा भट्टीत घातले, तो पाव उत्तम निघाले! त्यातूनच, कारखान्यात अर्धे भाजून घरी पुरे भाजावयाचे पाव अमेरिकेत विकले जाऊ लागले. जो शब्द तीनशे वर्षे शिवी म्हणून वापरला, तोच एका धंद्याचे भांडवल झाला. भेद इतकाच की, पाव अर्धा आहे हे येथे सर्वांना ठाऊक असते आणि पुढची आच कोणी द्यावयाची हेही ठरलेले असते.

हे सारे वाचून झाल्यावर माझ्या त्या सभेतील वाक्याचा मी पुन्हा विचार केला. शब्द मी बरोबर वापरला होता. तिची योजना अर्धी भाजलेलीच होती. चुकलो ते पुढे. बद्द आवाज आल्यावर पाव पुन्हा भट्टीत घालावयाचा असतो, आणि मी तो सर्वांसमक्ष खिडकीबाहेर टाकला.

दिवाळीनंतर एके सायंकाळी तिच्या घरी गेलो. माझे बोलणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "काका, राग नव्हता आला. लाज वाटली." मग आतून एक वही घेऊन आली. तीत सात घरांची यादी होती, आणि त्यांपैकी दोन घरी ती कोणाला न सांगता पुस्तके नेऊ लागली होती. आम्ही समोरासमोर बसलो आणि सभेत आलेले सगळे प्रश्न एकेक करून वहीत लिहिले. पुस्तके हरवण्याचे उत्तर सापडले, रिक्षाभाड्याचे सापडले, कोण जाणार याचे निम्मे सापडले. सातही घरे एकदम धरण्याचा तिचा आग्रह होता. मी तिला अमरेलीची गोष्ट सांगितली. अखेर चार घरे आणि तीन महिने, असे ठरले.

त्या चारांपैकी एक घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट नाही. दर गुरुवारी पिशवी घेऊन तो जिना मी चढतो.